गच्चीवरच्या नेटमधे रोज दीडशे चेंडू मारूनही स्लाइस जाईना, काय करू?

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. विश्रामबागचे एक जण आहेत, चाळिशी नुकतीच ओलांडलेली, पुण्यात नोकरीला होते तेव्हा गोल्फचा नाद लागला, आता घरून काम आणि मुक्काम सांगलीत. गच्चीवर नेट आणि मॅट टाकलीय, रोज संध्याकाळी दीडशे चेंडू मारतात, महिन्यातून एखादवेळी पुण्याला रेंजवर (मोकळ्यावर चेंडू मारायच्या सरावाच्या मैदानावर) जातात आणि तिथं गेलं की ड्रायव्हरनं (सगळ्यात लांब मारायच्या क्लबनं, म्हणजे काठीनं) मारलेला चेंडू आपला उजवीकडं वळत पळतोच, म्हणजे स्लाइस. व्हिडिओ बघून झाडून सगळी ड्रिल्स करून झालीत. विचारतायत की नेमकं कुठलं ड्रिल करू, आणि लॉन्च मॉनिटर (फटका मोजणारं यंत्र) घेऊ का.

मी गोल्फ शिकवतो, बरीच वर्षं पुण्यात शिकवलं, आता इकडंच असतो, त्यामुळं रेंज जवळ नसताना सराव कसा करायचा हा प्रश्न माझ्याकडं येणाऱ्या जवळपास प्रत्येकाचा असतो. उत्तर जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

पहिलं स्पष्टच सांगतो, तुम्हाला अजून एका ड्रिलची गरज नाहीये. तुमचा घोळ असा आहे की चेंडू मारल्यावर तुम्हाला काहीच कळत नाही. चेंडू तीन मीटरवर नेटमधे थांबतो, फट्‌ करून आवाज येतो, आवाज बरा आला की वाटतं बसला चांगला, की लगेच पुढचा. असे दीडशे मारणं म्हणजे मार्केट यार्डात काट्याकडं न बघता हळदीची पोती उचलून ठेवत बसणं, घाम येतो पण हिशोब काही लागत नाही. आणि हिशोब न लागता एकच हालचाल रोज केली की ती पक्की होत जाते, स्लाइससकट पक्की होते, कारण शरीराला त्यातलं बरोबर काय आणि चूक काय हे सांगणारं कुणीच नसतं. तेव्हा चेंडू कमी करा आणि प्रत्येक चेंडूकडून उत्तर घ्या, पुढचं सगळं त्याबद्दलच आहे.

चेंडू उजवीकडं का वळतो तेवढं आधी बघू (उजव्या हातानं खेळणाऱ्याचं बोलतोय, डावखुऱ्यांनी उलटं धरावं). पूर्वी असं शिकवायचे की क्लब ज्या दिशेनं फिरतो (म्हणजे पाथ) तिकडं चेंडू निघतो आणि क्लबफेस (क्लबचा चेंडूला लागणारा भाग) जिकडं बघतो तिकडं तो शेवटी वळतो. रडारवाली यंत्रं आली, ट्रॅकमॅन वगैरे, तेव्हा मोजून कळलं की निघायची दिशा मुख्यतः फेसच ठरवतो, ड्रायव्हरला साधारण ८५ टक्के आणि आयर्नला (पातळ पात्याच्या, कमी अंतराच्या क्लबला) ७५ टक्क्यांच्या आसपास. वळण येतं ते फेस आणि पाथ यांच्यातल्या फरकातून. फेस पाथच्या मानानं उघडा, म्हणजे उजवीकडं बघणारा, असला की चेंडू उजवीकडं वळणार म्हणजे वळणार, मग तो फेस टार्गेटकडं अगदी सरळ बघत असला तरी.

म्हणून पुढच्या वेळी रेंजवर गेलात की 'उजवीकडं गेला' एवढ्यावर थांबू नका, निघाला कुठून ते बघा. डावीकडून निघून उजवीकडं वळला तर फेस बरा आहे, पाथ फारच बाहेरून आत (तुमच्यापासून लांबच्या बाजूनं अंगाकडं) येतोय. सरळ निघून वळला तरी काम पाथवरच. पण उजवीकडंच निघून आणखी उजवीकडं गेला तर आधी फेस, म्हणजे ग्रिप (क्लब धरायची पद्धत), आणि पाथचं नंतर. हे तीन वेगळे आजार आहेत आणि तिन्हींना लोक स्लाइसच म्हणतात, त्यामुळं एका व्हिडिओतलं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही आणि तुम्हाला वाटतं प्रत्येक जण वेगळंच काहीतरी सांगतोय. सांगणारे बहुतेक बरोबर असतात, आजार दुसऱ्याचा असतो.

आणखी एक, चेंडू उजवीकडं जातो म्हणून माणूस आपोआप डावीकडं तोंड करून उभा राहायला लागतो. मग क्लब आणखी बाहेरून आत येतो, फरक वाढतो, वळण वाढतं, की तो अजून डावीकडं बघतो. हे चक्र मी इतक्या जणांत बघितलंय की कुणी स्लाइस म्हटलं की आधी पायाखाली काठी ठेवून उभं कसं राहतात तेवढंच तपासतो. कित्येकदा माणूस टार्गेटच्या वीस-पंचवीस मीटर डावीकडं तोंड करून उभा असतो आणि त्याला स्वतःला पत्ताच नसतो.

आता आपल्या भागातली खास गोष्ट. सांगलीत वाढलेला माणूस म्हणजे टेनिस बॉल क्रिकेट खेळलेला असणारच, आणि टेनिस बॉल क्रिकेट म्हणजे काय, मिडविकेटवरून हाणायचा. उजवा खांदा पुढं टाकून आडवा फटका. तोच खांदा गोल्फमधे पहिला सुटला की क्लब बाहेर जातो आणि चेंडूला आडवा कापतो. दुसरं म्हणजे ग्रिप. बॅट धरताना अंगठा आणि तर्जनीमधे जो व्ही होतो तो बॅटच्या पाठीवरून खाली येतो आणि डावा कोपर वर राहतो, सरळ बॅटनं खेळायला ते बरोबरच आहे. तोच हात गोल्फ क्लबवर ठेवला तर फेस बंद व्हायला वावच राहत नाही, कोपर बाहेर निघतो आणि फेस उघडाच चेंडूवर येतो. गोल्फला दोन्ही हातांचे व्ही उजव्या खांद्याकडं बघायला पाहिजेत आणि वरून खाली बघितलं तर डाव्या हाताची दोन-अडीच बोटांची पेरं दिसायला पाहिजेत. ग्रिप डोळ्यानं तपासू नका, मान वाकडी करून बघितलं की सगळंच बरोबर दिसतं. मोबाईल समोर ठेवून फोटो काढा आणि आठवड्यानं परत काढा, कारण ग्रिप हळूहळू जुन्या जागी सरकते आणि हाताला ते कळत नाही. नवीन ग्रिप पहिले काही दिवस विचित्रच वाटणार, विचित्र वाटत नसेल तर बदललीच नाही असं समजा.

(मधेच एक, कारण हे पण बरेच जण विचारतात. बॅटिंग डावखुरी आहे पण लिहितो उजव्यानं, मग गोल्फ कुठल्या बाजूनं? आपल्या सांगलीत वाढलेली स्मृती मानधना बाकी कामं उजव्या हातानं करते आणि बॅटिंग डावखुरी. अमेरिकन गोल्फर फिल मिकेलसनचंही तेच, वडिलांचा स्विंग समोर उभं राहून आरशासारखा उचलला आणि डावखुरा झाला, बाकी माणूस उजवा. तेव्हा ज्या बाजूनं फटका सहज बसतो ती बाजू. फक्त डावखुरा सेकंड हँड सेट मिळायला लई वाट बघावी लागते हे धरून चाला.)

चला, आता गच्चीवर. नेट चेंडूचं वळण दाखवत नाही, पण तीन गोष्टी नेटमधेही शंभर टक्के कळू शकतात. चेंडू फेसवर कुठं लागला, क्लब जमिनीला कुठं लागला, आणि चेंडू कुठल्या दिशेनं निघाला. या तिन्हीला मिळून खर्च म्हणाल तर शंभर-दीडशे रुपये.

फेसवर कुठं लागला इथूनच सुरुवात करा, पाथ-बिथ सगळं नंतर. कारण ड्रायव्हरच्या डोक्याचं वजन फेसच्या बरंच मागं असतं आणि चेंडू हीलकडं (फेसच्या दांड्याकडच्या बाजूला) लागला की क्लबचं डोकं फिरतं आणि चेंडूला उलटी फिरकी देतं, म्हणजे स्लाइसची. टो-कडं (दांड्यापासून लांबच्या टोकाकडं) लागला तर हुकची, म्हणजे डावीकडं वळायची. याला गिअर इफेक्ट म्हणतात आणि ड्रायव्हरला तो जोरात असतो, आयर्नला फार कमी. तेव्हा तुमचा फेस आणि पाथ दोन्ही ठीक असूनही केवळ हीलवर लागतोय म्हणून चेंडू उजवीकडं जात असेल हे सहज शक्य आहे, आणि मग तुम्ही वर्षभर पाथ सुधारत बसाल.

व्हाइटबोर्डचा मार्कर आणा. फेस कोरड्या फडक्यानं पुसा, चेंडूवर एक चांगला गडद ठिपका काढा, ठिपका फेसकडं येईल असा चेंडू ठेवा आणि मारा. फेसवर ठिपका उमटतो, अगदी स्पष्ट. टाल्कम पावडरनंही होतं, ओलसर फडकं फिरवून वर पावडर टिपायची, चेंडूचा गोल छाप दिसतो, पण गच्चीवर वारा असला की पावडर नाकात जास्त जाते.

आता यातली खरी गंमत. चेंडू मारला की लगेच क्लब उलटा करून बघायचं नाही. फॉलो-थ्रूमधे जिथं थांबलात तिथंच थांबा आणि तोंडानं मोठ्यानं सांगा, 'हील', 'मधे' किंवा 'टो'. शेजारचे बघतील, बघू देत. मग क्लब खाली घेऊन ठिपका बघायचा. सुरुवातीला दहातले तीन-चार अंदाज बरोबर आले तरी पुष्कळ, म्हणजे नुसती तुक्केबाजी. हाताला काय जाणवतं आणि प्रत्यक्षात काय झालं यात किती अंतर आहे ते इथं पहिल्यांदा कळतं. मी तर नवीन माणसाला आठवडाभर हेच देतो, स्विंगमधे काही एक बदल करायला सांगत नाही. दहातले सात-आठ अंदाज बरोबर यायला लागले की गंमत अशी होते की चेंडू आपोआप मधे लागायला लागतात, कारण आता हाताला हील म्हणजे काय ते कळतंय. चेंडू आणि फेसची गाठ सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाएवढीच पडते, तेवढ्यात तुम्ही काही दुरुस्त करू शकत नाही. पण त्या धक्क्याची चव ओळखता येते, आणि ती ओळखायला लागलात की कोर्सवर तुम्हाला कुणा कोचची गरज कमी लागते. ठिपके सतत हीलवरच येत असतील तर चेंडूपासून अर्धा इंच मागं उभे राहून बघा, आणि वजन बोटांवर जातंय का तेही. बऱ्याच जणांचं डाउनस्विंगमधे अंगच चेंडूकडं झुकतं.

दुसरं जमिनीचं. मॅट खोटं बोलते. क्लब चेंडूच्या दोन इंच मागं मॅटला लागला तरी घसरत पुढं येतो आणि चेंडू बऱ्यापैकी उडतो, तुम्हाला वाटतं छान. तोच फटका गवतावर मारला तर क्लब मातीत रुततो आणि चेंडू वीस पावलं. रेंजवरही बहुतेक ठिकाणी मॅटच असते, त्यामुळं कोर्सवर गेल्यावरच पितळ उघडं पडतं.

यावर वाळू. चाळलेली बांधकामाची वाळू दोन घमेली पुरे. कुणाच्या तरी वाढदिवसाचा जुना फ्लेक्स मिळवा (सांगलीत याची टंचाई नाही), दुहेरी घडी घालून गच्चीवर पसरा, त्यावर दोन इंच जाडीचा, फूटभर रुंद आणि दोन फूट लांब असा वाळूचा पट्टा करा. लाकडी चौकट करू नका, क्लब चौकटीला लागला की मनगट गेलं. पट्ट्यावर आडवी रेघ ओढा, तीच चेंडूची जागा. चेंडू ठेवायचा नाही. सेव्हन आयर्न घ्या आणि कमरेपासून कमरेपर्यंत अर्धा स्विंग करा, क्लबनं वाळू कुठून उचलली ते बघा. रेघेवर किंवा रेघेच्या पुढं, नेटच्या बाजूला, काप सुरू झाला पाहिजे. चांगल्या खेळाडूंचा आयर्नचा सगळ्यात खालचा बिंदू चेंडूच्या तीन-चार इंच पुढं असतो. स्लाइसवाल्यांचा काप हमखास रेघेच्या मागं सुरू होतो कारण वजन उजव्या पायावरच राहिलेलं असतं. उजवी टाच उचलून, वजन डाव्या पायावर टाकून, तसेच छोटे स्विंग करा, काप पुढं सरकताना डोळ्यांना दिसेल. कापाची दिशाही बघा, बाहेरून आत येत असाल तर वाळूतली खूण नेटच्या डाव्या कोपऱ्याकडं बोट दाखवते. एका रेघेत दोन उत्तरं. रान मोकळं असेल तर आणखी उत्तम, ऊस निघून गेलेल्या वावराच्या कडेला भुसभुशीत मातीत चुन्याची रेघ मारून हेच करता येतं, खालच्या स्लॅबचं टेन्शन नाही.

तिसरी गोष्ट दिशा. परकराची रंगीत नाडी घ्या, खाली एक नट बांधा म्हणजे सरळ लोंबकळेल, आणि नेटच्या पुढं वरून सोडा. चेंडूपासून नाडीपर्यंत खडूनं सरळ रेघ मारा. चेंडू नाडीपासून ३ मीटरवर ठेवलात तर हिशोब सोपा आहे, १ अंश म्हणजे साधारण ५ सेंटीमीटर. नाडीच्या दोन्ही बाजूंना १५ सेंटीमीटरवर आणखी दोन नाड्या सोडा, तेवढं चुकलं म्हणजे जवळपास ३ अंश, आणि १५० मीटरवर तेच साडेसात मीटर होतं, वळण धरलंच नाही अजून. चेंडू मधल्या नाडीच्या कुठल्या बाजूला जातो हे आता प्रत्येक वेळी दिसतं. आणि फेसच दिशा ठरवतो म्हटलं ना, मग नाडीच्या उजवीकडं गेला की फेस उघडा होता, यात वाद नाही. ठिपका मधे आणि चेंडू सतत उजवीकडं, तर ग्रिपकडं परत जा. ठिपका मधे, दिशा सरळ किंवा डावीकडं, आणि तरी रेंजवर वळतोय, तर मात्र पाथ.

पाथसाठी ड्रिल्स ढिगानं आहेत, मला एकच पुरतं. चपलेचं रिकामं खोकं घ्या. चेंडूच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे तुमच्यापासून लांब, आणि साधारण वीतभर मागं ठेवा, इतकं जवळ की क्लब सरळ किंवा आतून आला तर जेमतेम सुटेल. बाहेरून आलात की खोकं उडतं. कुणी सांगायला नको, व्हिडिओ नको. बाटली किंवा वीट ठेवू नका, पुठ्ठाच. आधी पाव स्पीडनं, चेंडूशिवाय, मग टीवर (चेंडू ठेवायच्या खुंटीवर) चेंडू ठेवून अर्ध्या स्पीडनं. खोकं पाच वेळा सलग सुटलं की स्पीड वाढवायचा, उडालं की परत कमी. इथं एक लक्षात ठेवा की पाथ दोन-चार अंश बदलायचा असला तरी तुम्हाला वाटलं पाहिजे की आपण क्लब पार उजवीकडं, शेजारच्या टेरेसवर फेकतोय. वाटणं आणि असणं यात एवढा फरक असतो. मवाळपणे 'थोडंसं आतून' असा विचार केला तर काही बदलत नाही, खोकं उडतच राहतं.

आणि करताना कोपर कुठं, मनगट कुठं, कंबर किती फिरली असला विचार करत बसू नका. १९९९ मधे गॅब्रिएल वुल्फ आणि सहकाऱ्यांनी नवशिक्यांना छोटा पिच शॉट शिकवताना एका गटाला हातांच्या हालचालीकडं लक्ष द्यायला सांगितलं आणि दुसऱ्याला क्लब कसा झुलतोय तिकडं. दुसरा गट जास्त अचूक निघाला. माझा अनुभवही तोच आहे, 'कोपर आत' सांगितलं की माणूस लाकडी होतो, 'खोकं चुकव' म्हटलं की कोपर आपसूक आत येतो.

मोबाईलच्या व्हिडिओबद्दल. व्हिडिओ वाईट नाही पण लोक त्यात नको ते शोधतात. ड्रायव्हरचं डोकं ताशी ९० मैल धरलं तरी सेकंदाला ४० मीटर जातं. साध्या ३० फ्रेमच्या व्हिडिओत दोन फ्रेमच्या मधे क्लब सव्वा मीटरच्या वर पुढं गेलेला असतो, आणि २४० च्या स्लो-मोमधेही सतरा सेंटीमीटर. चेंडूला लागताना फेस उघडा होता का हे त्यात दिसणारच नाही, तिथं तुमचा ठिपका आणि नाडी जास्त खरं सांगतात. व्हिडिओ घ्यायचा तो उभं राहणं, बॅकस्विंग आणि वजन कुठं आहे ते बघायला. मागून घेताना कॅमेरा हातांच्या उंचीवर आणि हातांच्या रेषेत ठेवा, टार्गेटच्या रेषेला समांतर. फूटभर इकडंतिकडं सरकला तरी चांगला पाथ वाईट दिसतो आणि वाईट चांगला. स्टूल कुठं ठेवलं तिथं फरशीवर खूण करून ठेवा, नाहीतर गेल्या महिन्याचा आणि आजचा व्हिडिओ शेजारी लावून काही अर्थ नाही. आणि रोज नको, आठवड्यातून एकदा चार-पाच स्विंग बास.

आता हे सगळं दिवसात बसवायचं कसं. दीडशे चेंडू बंद, चाळीस-पन्नास पुरे. पहिली दहा मिनिटं वाळू आणि छोटे स्विंग. मग ठिपक्यावर किंवा खोक्यावर, दोन्हींपैकी एकावरच, पाच-पाच चेंडूंचे गट, मधे अर्धा मिनिट थांबून. एका वेळी एकच गोष्ट मोजायची, तीन मोजायला गेलात की तीनही सुटतात.

पण इथं एक मेख आहे आणि ती फार कमी लोक सांगतात. प्रत्येक चेंडूला उत्तर मिळायची सवय लागली की माणूस त्या उत्तरावरच अवलंबून राहतो, खोकं काढलं की स्विंग परत मूळ जागी. कॅरोली विनस्टीन आणि रिचर्ड श्मिट यांनी १९९० मधे याच्यावर प्रयोग केले होते. एका गटाला प्रत्येक प्रयत्नानंतर निकाल सांगितला, दुसऱ्याला निम्म्याच वेळा आणि तेही हळूहळू कमी करत. नंतर काहीही न सांगता परीक्षा घेतली तर कमी सांगितलेला गट पुढं होता. म्हणून पहिल्या आठवड्यात प्रत्येक ठिपका बघा, दुसऱ्यात एक सोडून एक, मग पाच चेंडू मारून शेवटी एकदाच. खोकंही पाच चेंडू ठेवा, पाच चेंडू काढा. काढल्यावर काय होतं तोच तुमचा खरा मार्क.

शेवटची दहा मिनिटं कोर्ससारखी खेळा. एकच क्लब घेऊन एकाच नाडीवर तीस चेंडू मारले की विसावा चेंडू छानच जातो, त्यानं फसू नका, कोर्सवर तुम्हाला विसावा चेंडू कधीच मिळत नाही, प्रत्येक वेळी नवीन क्लब, नवीन दिशा आणि आधीच्या फटक्याला दोन-चार मिनिटं झालेली. १९७९ चा शी आणि मॉर्गन यांचा प्रयोग आहे, हातानं छोट्या लाकडी फळ्या ठरावीक क्रमानं झपकन पाडायच्या. एकच क्रम सलग घोटणारे सरावात पुढं होते, पण दहा दिवसांनी घेतलेल्या परीक्षेत क्रम उलटसुलट करत शिकलेले पुढं गेले. तेव्हा ड्रायव्हर मधल्या नाडीवर, मग वेज (जवळच्या, उंच फटक्याचा क्लब) डाव्या नाडीवर, मग सेव्हन आयर्न उजव्या नाडीवर, प्रत्येक वेळी मॅटवरून खाली उतरून, मागं जाऊन, दिशा धरून परत उभं राहायचं. या दहा मिनिटांत चेंडू घाण जातील. जाऊ देत. सरावात गोडगोड वाटणं आणि शिकणं या वेगळ्या गोष्टी आहेत आणि सगळ्यात जास्त माणसं इथंच कंटाळून परत तीस-तीस चेंडूंवर येतात.

कोपराचं सांगायचं राहिलं. स्लॅबवर पातळ मॅट आणि रोज दीडशे, यात डावा कोपर बाहेरच्या बाजूनं धरणार, आज नाहीतर सहा महिन्यांनी. मॅटखाली जाड रबर शीट टाका, किमान पाऊण इंच, आणि आयर्नही अगदी बुटक्या टीवर ठेवून मारा. दुखायला लागलं तर चार दिवस थांबून बाम चोळत परत सुरू, असं करू नका, डॉक्टरला दाखवा. आणि नेट ताणून बांधू नका, सैल सोडा, मागं भिंत असेल तर फूट-दीड फूट अंतर ठेवा. ४५ ग्रॅमचा चेंडू आहे पण कठड्याला लागून परत आला तर दात हातात देईल. वर टाकीवर किंवा वाळवणावर गच्चीत कुणी आलं तर मारणं बंद, लहान पोरं असतील तर खाली आवाज देऊनच सुरू करायचं.

राहता राहिला लॉन्च मॉनिटर. आत्ता घेऊ नका असं माझं मत आहे. रडारवाल्यांना चेंडू काही अंतर हवेत उडताना दिसावा लागतो, वर यंत्र तुमच्या मागं दीड-दोन मीटरवर ठेवायचं असतं, तुमच्या गच्चीत तेवढी लांबी निघते का ते मोजा आधी. नेटमधे कॅमेरावाली जास्त बरी चालतात पण ती महाग. स्वस्तातली बरीचशी यंत्रं बॉल स्पीड बरा सांगतात आणि फिरकी अंदाजानं काढतात, आणि स्लाइसवाल्याला नेमकी तीच पाहिजे असते. शिवाय स्क्रीनवर अंतराचा आकडा दिसला की माणूस स्लाइस विसरून आकड्यामागं लागतो, हे मी डोळ्यानं बघितलंय. अंतराची एवढी ओढ असेल तर आपली गोल्फर अदिती अशोक हिचा टोकियो ऑलिंपिकमधला खेळ आठवा, मैदानातल्या बऱ्याच जणींपेक्षा तिचा ड्राइव्ह आखूड पडत होता आणि तरी बाई चौथी आली, पटिंगच्या (भोकाजवळून चेंडू हळूच घरंगळत भोकात घालायच्या) जोरावर. त्या पैशात पुण्याला चार-पाच खेपा होतील आणि तिथं एखाद्या कोचकडं चांगल्या यंत्रावर तास-तासभर बसून फेस आणि पाथचे खरे आकडे कागदावर घेऊन येता येतील, मग गच्चीवर काय करायचं ते नेमकं ठरतं.

तीन आठवडे हे करा आणि मग मला एवढंच पाठवा: मार्कर न पुसता सलग दहा चेंडू मारलेल्या ड्रायव्हरच्या फेसचा फोटो, दहात किती अंदाज बरोबर आले तो आकडा, आणि रेंजवर पहिले दहा चेंडू निघाले कुठून आणि वळले कुठं याची यादी. वॉर्म-अप झाल्यानंतरचे नकोत, पहिलेच दहा. स्विंगचा व्हिडिओ सध्या राहू दे.